नागपुरात कुंडीत चहाचं झाड लावलंय? मग खत असं द्या

चहाच्या झाडाला आंबट माती लागते, पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकी माती आंबट) साधारण 4.5 ते 5.5. आसाम, दार्जिलिंग, निलगिरीकडे ती आयतीच मिळते, पण आपल्याकडची काळी माती चुनखडीची, पीएच बरेचदा 7.5 च्या वर, आणि त्यात बोअरचं पाणीही क्षाराचं. म्हणून इथं खत घेताना आधी हेच बघायचं की यानं मातीचा आंबटपणा टिकेल का जाईल.

कुंडीत काळी माती टाकूच नका. कोकोपीट, कुजलेला पालापाचोळा, धुतलेली कन्हान नदीची रेती आणि थोडं जुनं, भुरभुरीत झालेलं शेणखत, वरून मूठभर निंबोळी पेंड, एवढं पुरे. ताजं शेण नको, कुजताना गरमी सुटते न् मुळं खराब होतात. राख, चुना, अंड्याची टरफलं घरात आहेत म्हणून लोक टाकतात, बाकी झाडांना चालत असेल पण चहाला अजिबात नाही, तिन्हींनी मातीचा आंबटपणा मरतो. चहाचा चोथा टाकायचा तर दूध-साखर पूर्ण धुवून, वाळवून, थोडाच.

आता शेणखतात नत्र जेमतेम अर्धा टक्का असतं आणि चहाची आपण पानंच खुडतो, म्हणजे दर खुडणीला नत्र झाडातून बाहेर जातं, ते नुसत्या शेणखतानं भरून निघत नाही. इथं रासायनिक खत लागतंच, आणि माझं मत स्पष्ट आहे की अमोनियम सल्फेट घ्या. त्यात नत्र जवळपास 21 टक्के, सोबत गंधक, आणि मातीत गेलं की आंबटपणा वाढवतं. युरियात 46 टक्के नत्र, लहान कुंडीत चिमूटभर जास्त पडला तरी मुळं जळतात. कॅल्शियमवालं नायट्रेट तर घेऊच नका. 12 इंची कुंडीला अर्धा छोटा चमचा अमोनियम सल्फेट 2 लिटर पाण्यात विरघळवून महिन्यातून एकदा, माती ओली असतानाच. पालाशसाठी सल्फेट ऑफ पोटॅश, पाव छोटा चमचा, दोन-तीन महिन्यांतून एकदा.

वेळ महत्त्वाची आहे बरं का. शेणखत-पेंड जूनमध्ये पहिल्या पावसाच्या आसपास, रासायनिक जुलैपासून नवी फूट दिसली की सुरू, डिसेंबर-जानेवारीत थंडीनं वाढ मंदावते तेव्हा बंद, फेब्रुवारीत फूट आली तर एखादा हलका डोस. एप्रिल-मे आणि नवतपात (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) काहीच नाही, फक्त हिरव्या नेटची सावली आणि पाणी. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी कुंडीत ओतू नका, बाष्पीभवन होऊन त्यात क्षार साचलेले असतात. पावसाचं पाणी ड्रममध्ये साठवता आलं तर त्याहून चांगलं काही नाही.

नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या तर नत्राचा डोस वाढवू नका, ती लोहाची कमतरता आहे, चुनखडीच्या जमिनीत आपल्या संत्र्याच्या बागांमध्येही अशीच पानं दिसतात. लोह मातीत असतं पण पीएच चढला की मुळांना घेता येत नाही. चिलेटेड लोहाची (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह) फवारणी पाकिटावरच्या प्रमाणात, सकाळी लवकर, त्यानं पानं सावरतील, पण खरं काम मातीत आहे, तिथं थोडी गंधक पावडर मिसळा. तिचा परिणाम जिवाणूंमुळे होतो, त्याला काही आठवडे ते महिने लागतात, तोवर पुन्हा पुन्हा टाकत बसू नका, मधूनमधून पीएच पट्टीनं तपासा. आणि कुंडीवर क्षारांचा पांढरा थर दिसायला लागला तर महिनाभर खत थांबवून, पावसाचं पाणी खालच्या भोकातून भरपूर वाहून जाईल इतकं द्या.