गोव्यात पळायला शूज घेताय? आधी सोल उलटा करून बघा

दुकानात गेलं की सगळे पहिलं काम काय करतात, तर टाचेजवळचा फोम अंगठ्याने दाबून बघतात किती मऊ आहे ते. मऊपणा हवाच, पण आपल्याकडे शूज फसतात ते पाण्यामुळे आणि जमिनीमुळे. वर्षाला साधारण ३००० मिमी पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये पडून जातो, आणि बाकीच्या महिन्यात दमट हवा इतकी की ५ किमी पळून आलं की सॉक्स पिळावे लागतात. त्यामुळे थंड देशातल्या लोकांचे रिव्ह्यू बघून शूज मागवू नका, त्यांची गरज वेगळी आहे.

आधी हे ठरवा की आठवड्यातले जास्त किमी कुठे पळता. मिरामार ते दोनापावला किंवा पणजी-रायबंदर कॉजवे असा डांबरी सपाट रस्ता असेल तर साधा रोड शू पुरे, ३-४ हजारातलासुद्धा चालतो. कार्बन प्लेटवाल्या (सोलमध्ये कार्बन फायबरची कडक पट्टी असलेल्या) महागड्या शूजच्या मागे नवीन माणसाने लागूच नये. पणजीतल्या आल्तिनो टेकडीचे चढ-उतार रोज मारणाऱ्यांनी मात्र पुढच्या भागात जागा नीट बघावी, उतारावर पाय पुढे सरकतो आणि अंगठ्याचं नख काळं पडतं.

आता पावसाळा, कारण खरी परीक्षा तिथेच. जुलैपर्यंत झाडांखालचे रस्ते, पेव्हर ब्लॉक, चिऱ्याच्या पायऱ्या, सगळीकडे शेवाळ धरतं. शू उलटा करा आणि जमिनीला लागणारा भाग रबराचा आहे की नुसता फोम उघडा ठेवलाय ते बघा. वजन आणि किंमत कमी करायला बरीच मॉडेल्स मधला भाग तसाच उघडा सोडतात, तो ओल्या लादीवर घसरतो आणि खडबडीत रस्त्यावर लवकर झिजतो. निदान टाच आणि पंजाखाली पूर्ण रबर हवं, तेही नखाने दाबल्यावर जरा दबणारं, एकदम प्लास्टिकसारखं टणक नको. आणि एक सांगतो, सोलला खोल दात असले म्हणजे सगळीकडे ग्रिप मिळते असं नाही, गुळगुळीत ओल्या लादीवर उलट कमी रबर टेकतं. शेवाळावर तर कुठलाच शू भरवशाचा नाही, तिथे सरळ चाला.

वॉटरप्रूफ शूज घेऊ नका, मनापासून सांगतोय. गोरटेक्स वगैरे पाणी अडवणारे अस्तर थंड कोरड्या हवेत छान, पण आपल्या पावसात पाणी घोट्यावरून आत जातं आणि मग बाहेर यायला वाटच नाही, शू जड होतो, कातडी भिजून मऊ पडते आणि फोड येतात. पाणी आत येणारच, ते बाहेर कसं जाईल ते बघायचं. पातळ जाळीचा वरचा भाग, आत स्पंजचं अस्तर कमी, जीभ पातळ. दुकानात जाळी उजेडासमोर धरून बघा, उजेड आरपार दिसला की समजा पाणी निघेल. सॉक्सही सुती नकोत, पॉलिएस्टर किंवा नायलॉनचे घ्या.

सत्तरी, डिचोली, पेडण्याकडे लाल मातीच्या वाटांवर किंवा दिवाडी-चोडणला खाजनाच्या (खाडीकाठच्या सखल खाऱ्या शेतांच्या) बांधांवर पळणाऱ्यांची गोष्ट वेगळी. पावसात ती माती सोलला चिकटून बसते, मग दात असूनही नसल्यासारखे. इथे ट्रेल शू, म्हणजे कच्च्या वाटांसाठीचा शू घ्या, दात ४-५ मिमीचे आणि एकमेकांपासून लांब लांब, म्हणजे चिखल झडून पडतो. उन्हाळ्यात सड्यावर (जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर) मात्र कडक जमिनीवर सुटे बारीक खडे असतात, तिथे ३ मिमी पुरतात.

कोळवा, बाणावलीच्या किनाऱ्यावर पळायचं तर ओहोटी बघून ओल्या घट्ट वाळूवर पळा, अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी पहाटेच्या सुमारास येते ते सोयीचं. किनारा समुद्राकडे उतरता असतो म्हणून उंच मऊ सोलचा शू डुगडुगतो आणि घोट्यावर ताण येतो, कमी उंचीचा रोड शू बरा, आणि गेलात तसेच त्याच पट्ट्यातून परत या म्हणजे दोन्ही पायांना सारखा उतार मिळतो. मऊ वाळूत टाच रुतते, पोटरी ओढली जाते, म्हणून झिरो ड्रॉपच्या (टाच आणि पंजा एकाच उंचीवर असलेल्या) शूजवर एकदम उडी मारू नका, टाच पंजापेक्षा साधारण ८ मिमी उंच असेल तर बहुतेकांना सोपं जातं.

माप संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय फुगतो आणि आपल्या उकाड्यात पळताना आणखी फुगतो. सर्वात लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा हवी. इनसोल बाहेर काढून त्यावर उभे राहा, पाय कडेने बाहेर येत असेल तर तो शू तुमचा नाही, रुंद मापात मिळतो का विचारा. ऑनलाइन घेताना नंबरापेक्षा सेंटीमीटर बघा, प्रत्येक ब्रँडचा ८ नंबर वेगळा असतो. आणि सेलमधला जुना स्टॉक असेल तर जिभेखालच्या लेबलवर तयार केल्याची तारीख असते का बघा, आपल्या दमट हवेत पडून राहिलेल्या बुटांचा गोंद सुटतो, काही सोलांचा तर भुगा होतो.

जमलं तर दोन जोड ठेवा, कारण पावसात एक दिवसात शू वाळत नाही. इनसोल आणि लेस काढून आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन तासांनी बदला, मग पंख्याखाली ठेवा. कडक उन्हात किंवा गाडीच्या डिकीत नको, फोम आणि गोंद दोन्ही खराब होतात. किनाऱ्यावरून आलात तर आधी गोड्या पाण्याने वाळू आणि मीठ धुवा, मग वाळवा. एक जोड ५०० ते ८०० किमी चालतो, पण टाचेखालचं रबर संपून फोम दिसायला लागला की किमी न मोजता बदला, विशेषतः मे महिन्यात, पाऊस सुरू व्हायच्या आत.