भित्रं कुत्रं फोस्टरला घेताय? आधी दिवाणाखालची जागा रिकामी करा

तर्री आमच्याकडे आली तेव्हा साधारण दीड वर्षाची होती, रंग तर्रीसारखा लालसर म्हणून आईनंच ते नाव ठेवलं. वर्धा रोडकडे एका बांधकामाच्या साइटवर पायाला लागून पडली होती. पाय बरा झाला, पण माणूस जवळ आला की अंग चोरून फरशीला चिकटायची, आणि अशा कुत्र्याला कोणी घरी नेत नाही. म्हणून फोस्टर, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत आपल्याकडे सांभाळणं. दोन महिने ठेवली, मग घर मिळालं. तिच्यानंतर अजून चार भित्री कुत्री आमच्याकडून गेली आणि दर वेळी लोक फोन करून तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदा सगळं लिहून टाकते.

पहिली गोष्ट जागा. पूर्ण घर द्यायचं नाही, एक कोपरा द्यायचा, जिथून घरातली ये-जा दिसते पण कोणी अंगावरून जात नाही. दिवाणाखाली किंवा टेबलाखाली जुनी चादर टाका, एकच बाजू उघडी ठेवा. दिवाणाखालच्या बॅगा, पेट्या कुत्रं यायच्या आधीच काढा, नंतर हात घातला की त्याला वाटतं मलाच ओढायला आले.

आणि आपल्या नागपुरात कूलर! तर्री आली एप्रिलमध्ये. खिडकीतल्या कूलरचा फॅन घर्रर्र करून सुरू झाला आणि तिनं बसल्या जागी लघवी केली. मे महिन्यात पारा 45 ला टेकतो, कूलर बंद ठेवणं शक्यच नाही. मग मी आधी नुसता पंप सुरू करायचे आणि उकडलेल्या चिकनचा एक तुकडा तिच्यासमोर टाकायचे, दोन दिवस एवढंच, मग फॅन स्लोवर आणि परत तुकडा. सहाव्या दिवशी कूलरचं बटण वाजलं की ती दिवाणाखालून नाक बाहेर काढायला लागली. कुकरची शिट्टी, मिक्सर, डोअरबेल, सगळ्याला हाच उपाय चालतो, फक्त एका वेळी एकच आवाज घ्या.

एक-दोन दिवसांत डॉक्टरकडे नेऊन आणा. सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे, नाही तर तुमचे नेहमीचे डॉक्टर. हे यासाठी सांगतेय की गोचीड ताप असलेलं कुत्रंसुद्धा गप्प पडून राहतं, खात नाही, आणि आपण म्हणतो लाजाळू आहे बिचारं. हिरड्या पांढरट दिसल्या, अंग तापलेलं वाटलं तर रक्त तपासून घ्याच. जंताचं औषध, रेबीजची लस आणि पार्वो-डिस्टेंपर या कुत्र्यांच्या संसर्गजन्य रोगांची लस डॉक्टर सांगतील तशी. घरात आपलं कुत्रं असेल तर दोन आठवडे दोघांना वेगळं ठेवा, भांडीसुद्धा वेगळी. माणसांची पेनकिलर चुकूनही देऊ नका.

मग पहिले तीन-चार दिवस काय करायचं? काहीच नाही. खरंच. खाणं-पाणी ठेवा आणि उठून जा. डोळ्यात डोळे घालून बघू नका, वरून वाकू नका, डोक्यावरून हात फिरवायचा तर विचारच सोडा. संध्याकाळी तिच्याकडे पाठ करून फरशीवर बसा, मोबाईल बघा, भाजी निवडा. मी रोज अर्धा तास मेथी निवडायला तिथेच बसायचे. नवव्या दिवशी पाठीमागे नखांचा टकटक आवाज आला, मी मान वळवली नाही, आणि माझ्या कोपराला ओलं नाक लागलं, एकच सेकंद, की परत आत. त्या सेकंदाला तुम्ही आनंदानं वळलात तर पुढचे चार दिवस गेले समजा.

कुत्रं ओठ चाटतं, मान फिरवतं, झोप आलेली नसताना जांभई देतं, डोळ्याचा पांढरा भाग दिसतो, याचा अर्थ बास कर, लांब हो. तेव्हाच मागे सरकलात तर त्याला गुरगुरायची वेळच येत नाही. गुरगुरलं तरी रागावू नका, ते सांगतंय ते चांगलंच आहे. आणि दात लागलेच तर वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी रेबीजचं इंजेक्शन सुरू करा, घरचंच कुत्रं आहे म्हणून टाळू नका.

खाण्यात साधं द्या. भात, उकडलेलं चिकन, अंडं, थोडं दही. सावजीचा उरलेला रस्सा अजिबात नको, तिखट-तेल तर आहेच पण कांदा-लसूण कुत्र्याला विषारी असतो. नव्या जागी पहिला दिवस न खाणं चालतं, पण मोठं कुत्रं दोन दिवस उपाशी राहिलं, पाणीच पीत नसलं किंवा उलट्या, रक्ताची शी झाली तर वाट बघू नका, आणि पिल्लू असेल तर त्याच दिवशी पळा.

बाहेर नेण्याची घाई हीच सगळ्यात मोठी चूक, कारण भित्रं कुत्रं पळतं ते पहिल्या दोन आठवड्यांत, आणि पळतं ते नुसत्या पट्ट्यातून मागे सरकून. म्हणून दोन दोऱ्या, एक हार्नेसला (छातीभोवती बसणारा पट्टा) आणि एक गळ्यातल्या पट्ट्याला, पट्ट्यावर तुमचा नंबर. पहाटे पाचला न्या, ऑटो नसतात, गल्लीतली कुत्री सुस्त असतात आणि उन्हाळ्यात डांबरही थंड असतं. सुटलंच तर मागे धावू नका, नावानं ओरडू नका, दहा जणांना गोळा करू नका. जिथे शेवटचं दिसलं तिथे त्याची चादर आणि खाणं ठेवा आणि ओळखीचं एकच माणूस रोज ठरल्या वेळी तिथे जाऊन बसू दे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या मारबतीच्या मिरवणुकीचा दिवस आणि दिवाळीचा आठवडा, तेव्हा खिडक्या बंद, शी-शू फटाके सुरू व्हायच्या आधी.

आता घर शोधायचं. फोटो तिच्या उंचीला बसून काढा, उजेडात, झोपलेली, खाताना, आणि एक दिवाणाखालचासुद्धा टाका. लिहिताना खरं लिहा. मी लिहिलं होतं, "तर्री, दीड वर्ष, नसबंदीचं ऑपरेशन झालंय, लसी झाल्यात. अनोळखी माणसाला घाबरते, पहिला महिनाभर लपेल. लहान मुलं नसलेलं, शांत घर हवं." फोन कमी आले, पण आले ते कामाचे. गोड गोड लिहून दिलेलं कुत्रं आठवड्यात परत येतं आणि दुसऱ्यांदा घाबरतं.

फार्महाऊसला राखणीला पाहिजे असं म्हणणारे खूप भेटतील, उमरेड रोड, काटोल रोड. मी देत नाही. भित्रं कुत्रं राखण करत नाही, ते एकटं साखळीला बांधलेलं राहतं. वाढदिवसाचं सरप्राइज म्हणूनही नाही. विचारा की दिवसभर घरी कोण असतं, घर भाड्याचं असेल तर मालकाला सांगितलंय का, बदली झाली तर काय, घरातल्या सगळ्यांना हवंय का. सोसायटी नाही म्हणते असं कोणी सांगितलं तर त्यांना भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचना दाखवा, सोसायटीला पाळीव प्राण्यावर बंदी घालता येत नाही. नसबंदी शक्यतो तुमच्याकडेच उरकून द्या.

पहिल्या भेटीत कुत्रं सोपवू नका. निदान तीन वेळा त्यांना तुमच्या घरी बोलवा, येऊन फरशीवर बसू दे. जे पहिल्याच भेटीत हात लावायला धडपडतात त्यांना मी अजून थांबवते. मग तुम्ही स्वतः सोडायला जा, गेट, बाल्कनी, गच्ची बघा. कागदावर लिहून घ्या की जमलं नाही तर परत माझ्याकडेच, रस्त्यावर नाही, दुसऱ्याला नाही. आणि न धुतलेली चादर सोबत द्या, वास तिच्या ओळखीचा राहतो.

तर्रीला नेलेल्या काकूंचा चौथ्या दिवशी फोन आला, "अगं ही तर पलंगाखालून निघतच नाही, आमचंच काही चुकतंय का?" म्हटलं, काकू, काही चुकत नाही, मेथी आहे का घरात? त्या हसल्या. अकराव्या दिवशी त्यांनी फोटो पाठवला, फरशीवर वर्तमानपत्र, मेथीच्या काड्या, आणि कडेला लालसर पंजा.