चेरी ब्लॉसम फेस्टिवलला वॉशिंग्टनला जायचंय? आधी कळ्या बघा, मग तारीख ठरवा

फेब्रुवारी संपत आला की इकडच्या व्हर्जिनिया-मेरीलँडच्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो, चेरी ब्लॉसमला, म्हणजे वॉशिंग्टन डीसीतल्या चेरीच्या झाडांचा बहर बघायला, कुठल्या वीकेंडला जायचं? न्यू जर्सी किंवा नॉर्थ कॅरोलिनाहून येणारे तर आधी हॉटेल बुक करून मोकळे होतात आणि मग विचारतात की तेव्हा फुलं असतील ना. दर वर्षी तेच तेच टाइप करण्यापेक्षा एकदा सगळं नीट लिहून काढते, खास करून ज्यांचे आई-बाबा किंवा सासू-सासरे त्या सुमारास इकडे आलेले असतात त्यांच्यासाठी, कारण त्यांना घेऊन जायचं तर प्लॅन थोडा वेगळा करावा लागतो.

सगळ्यात आधी हे लक्षात घ्या की फेस्टिवलच्या तारखा वेगळ्या आणि फुलांच्या तारखा वेगळ्या. फेस्टिवल साधारण २० मार्चच्या आसपास सुरू होतो आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत चालतो, ते सगळं महिनोन्महिने आधी जाहीर झालेलं असतं. फुलांचं मात्र पूर्ण हवामानावर आहे. २०२४ ला पीक ब्लूम १७ मार्चलाच झाला, २०२५ ला २८ मार्चला, आणि जुन्या नोंदी बघितल्या तर १९९० मध्ये १५ मार्च आणि १९५८ मध्ये चक्क १८ एप्रिल, म्हणजे महिन्याभराचा फरक पडू शकतो. पीक ब्लूम म्हणजे टायडल बेसिन नावाचं जे तळं आहे त्याच्या भोवतीच्या योशिनो जातीच्या झाडांची ७० टक्के फुलं उमलली तो दिवस, आणि तो नॅशनल पार्क सर्व्हिस, म्हणजे इथलं राष्ट्रीय उद्यानांचं सरकारी खातं, ठरवते. त्यांचा अंदाज मार्चच्या सुरुवातीला येतो पण तो पुढेमागे होतो, त्यामुळे त्या एका तारखेवर विसंबून राहू नका.

त्यापेक्षा कळ्यांच्या पायऱ्या फॉलो करा, पार्क सर्व्हिस प्रत्येक पायरी त्यांच्या साइटवर टाकते. आधी कळीला हिरवी छटा येते, मग ती उकलून आतल्या बारक्या कळ्यांचा झुपका दिसायला लागतो, मग तो बाहेर येतो, मग प्रत्येक कळीचा देठ लांब होतो, मग येतो ‘पफी व्हाइट’, म्हणजे कळ्या टम्म फुगून पांढऱ्या दिसतात, आणि मग पीक. आपल्या कामाच्या यातल्या दोनच. देठ लांबल्याची बातमी आली की साधारण आठवडाभर हातात आहे असं धरा आणि ऑफिसात सुट्टी टाका, आणि पफी व्हाइट झालं की चार ते सहा दिवसांत फुलं. मध्येच थंडी पडली तर सगळं लांबतं, दोन दिवस कडक ऊन पडलं तर भराभर उमलतं. फुलं उमलल्यावर गारवा आणि शांत हवा असेल तर ती बरेच दिवस टिकतात, पण जोराचा वारा आणि पाऊस आला तर एका रात्रीत सडा. म्हणून बाहेरगावाहून येणार असाल तर हॉटेल कॅन्सल करता येईल असंच घ्या आणि शक्य असेल तर वीकेंड सोडून मंगळवार-बुधवारी या.

सगळी झाडं एकाच वेळी कशी फुलतात हे बाबा लोक हमखास विचारतात. योशिनो जात बियांपासून वाढवलेली नाही, ती कलमांनी वाढवलेली आहे, आपल्या हापूससारखीच. एका मूळ झाडाची कलमं करत करत सगळी झाली, त्यामुळे गुण सारखे आणि त्याच हवेत फुलायची वेळही सारखी.

आता दिवसाची वेळ. पहाटे जा, शक्यतो सूर्योदयाला तळ्यावर पोचा. दहानंतर पीकच्या दिवसांत तिथे इतकी गर्दी असते की म्हाताऱ्या माणसांना धड चालता येत नाही आणि व्हीलचेअर किंवा स्ट्रोलर असेल तर अजूनच अवघड, कारण वाट काही ठिकाणी अरुंद आहे. गाडी शहरात आणू नका, पार्किंग शोधण्यात सकाळ जाते. अ‍ॅशबर्न, हर्नडन, रेस्टन कडचे लोक सिल्व्हर लाइन धरून सरळ स्मिथसोनियन स्टेशनला उतरू शकतात, ब्लू आणि ऑरेंज लाइनही तिथेच येतात. फक्त शनिवार-रविवारी पहिली मेट्रो किती वाजता आहे ते आदल्या दिवशी बघून ठेवा. परतीला स्मिथसोनियन स्टेशनवर रांग दिसली तर थोडं चालून लाँफाँ प्लाझाला जा, तिथे जास्त लाइन मिळतात.

स्टेशनवरून वॉशिंग्टन मॉन्युमेंटच्या बाजूने चालत तळ्याच्या उत्तर काठावर या, म्हणजे इंडिपेन्डन्स अ‍ॅव्हेन्यूच्या बाजूला. बहुतेक जण थेट जेफरसन मेमोरियलकडे सुटतात फोटोसाठी, पण सुरुवात इथूनच करा असं माझं आग्रहाचं सांगणं आहे, कारण इथे दगडी जपानी कंदील आहे आणि त्याच्या जवळच १९१२ साली लावलेली पहिली दोन झाडं आहेत, पाटीही आहे. कंदील १६५१ मधला, टोकियोच्या उएनो भागातल्या कानएइजी देवळात होता, तोकुगावा इएमित्सु या शोगुनच्या, म्हणजे जपानच्या लष्करी शासकाच्या, स्मरणार्थ घडवलेला. १९५४ मध्ये, जपान-अमेरिकेच्या पहिल्या कराराला १०० वर्षं झाली म्हणून तो इकडे भेट आला. फेस्टिवलमध्ये तो समारंभाने लावतात.

इथे पाच मिनिटं बसा आणि सोबतच्यांना गोष्ट सांगा, मग पुढचं सगळं वेगळं दिसतं. एलायझा सिडमोर नावाची लेखिका १८८५ मध्ये जपान बघून आली आणि ही झाडं वॉशिंग्टनला लावा म्हणून अधिकाऱ्यांच्या मागे लागली, वीसेक वर्षं कुणी दाद दिली नाही. १९०९ मध्ये तिने थेट राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी हेलन टाफ्ट यांना पत्र लिहिलं आणि चक्रं फिरली. अ‍ॅड्रेनालीन वेगळं काढणारे जपानी केमिस्ट जोकिची ताकामिने यांनीही झाडं द्यायची तयारी दाखवली, आणि टोकियो शहराच्या नावाने २,००० झाडं आली. ती किडलेली निघाली. जानेवारी १९१० मध्ये ती जाळावी लागली. असं झाल्यावर दोन देशांत कटुता यायला कितीसा वेळ लागतो, पण टोकियोचे महापौर युकिओ ओझाकी यांनी पुन्हा नीट निगा राखून ३,०२० झाडं पाठवली, आणि २७ मार्च १९१२ ला हेलन टाफ्ट आणि जपानी राजदूतांच्या पत्नी व्हायकाउंटेस चिंदा या दोघींनी ही पहिली दोन लावली. जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केल्यावर डिसेंबर १९४१ मध्ये कुणीतरी चार झाडं तोडली, युद्धात फेस्टिवल बंद पडला, १९४७ ला परत सुरू झाला. आणि मला सगळ्यात भिडणारा भाग हा की टोकियोत अराकावा नदीकाठी जिथून ही कलमं आली होती तिथली झाडं युद्धकाळात हाल होऊन खंगली, तेव्हा १९५२ मध्ये जपानने मदत मागितली आणि इथल्या झाडांच्या फांद्या तिकडे परत गेल्या.

आता चालायला लागा. पाणी डाव्या हाताला ठेवून गेलात की आधी मार्टिन ल्यूथर किंग मेमोरियल, मग एफडीआर म्हणजे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचं मेमोरियल, त्याच्याच बाजूला योकोहामाच्या महापौरांनी १९५७ मध्ये दिलेला दगडी पॅगोडा, मग पूल ओलांडून जेफरसन. पूर्ण फेरी साधारण साडेतीन किलोमीटर आहे. आई-बाबांचे गुडघे कुरकुरत असतील तर कंदील ते एफडीआर एवढंच करा, तिथे बसायला जागा आहे, टॉयलेट आहे, आणि झाडंही भरपूर आहेत. तळ्याची भिंत खचली होती म्हणून २०२४ मध्ये तिचं मोठं काम काढलं, त्यात बरीच झाडं काढावी लागली, लोकांचं लाडकं ‘स्टंपी’ हे पोकळ खोडाचं झाडसुद्धा गेलं (त्याच्या फांद्या नॅशनल अर्बोरीटम या वृक्ष-उद्यानात वाढवायला नेल्यात), त्यामुळे एखादा भाग बंद आहे का हे जाण्याच्या दिवशी मॅपवर बघाच.

फुलं बघताना जवळ जा, दुरून नुसता पांढरा ढग दिसतो. एका जागेतून चार-पाच फुलं लांब देठांवर निघालेली असतात, पाच पाकळ्या, प्रत्येक पाकळीच्या टोकाला छोटीशी खाच, कळी गुलाबी आणि उमललं की जवळजवळ पांढरं, आणि पानं अजून आलेलीच नसतात म्हणून काळ्या सालीवर ते इतकं उठून दिसतं. जुन्या झाडांच्या खोडातून थेट फुटलेला एखादा झुपका तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर सापडेल, फोटो त्याचा काढा.

फांदी वाकवून फोटो, फूल तोडून केसात, लहान मुलाला खोडावर बसवणं, यातलं काहीही नको. फूल तोडणं इथे कायद्यानेच मना आहे. आणि जे कुणी सांगत नाही ते म्हणजे मुळांवर उभं राहू नका, लाखो पायांनी तिथली माती दगडासारखी होते आणि झाडाला पाणी-हवा मिळत नाही. चटई घालून डबा खायचा असेल तर मॉन्युमेंटच्या मोकळ्या हिरवळीवर जा, ते दशमी-चटणी खायला फार छान आहे. ड्रोन अजिबात आणू नका, वॉशिंग्टनमध्ये बंदी आहे. मार्चअखेरीला पाण्याकाठी सकाळी चांगलंच गारठतं, म्हणून स्वेटरवर विंडचीटर, आणि साडी नेसून फोटो काढायचे असतील तर खाली बूटच घाला.

साडेनऊ-दहापर्यंत फुलं बघून झाली की घरी पळू नका, कारण फेस्टिवल खरा तर आता सुरू होतो आणि आपले बरेच लोक हा अर्धा भाग बघतच नाहीत. तळ्याकाठी स्टेजवर कार्यक्रम असतात, त्यात ताइको म्हणजे जपानी ढोलांचा ग्रुप असेल तर स्टेजच्या बाजूला उभे राहा, समोर नाही. बाजूने वादकाचे पाय दिसतात, एक पाय मागे लांब ताणलेला, कंबर खाली, आणि काठी डोक्याच्या वर जाऊन पूर्ण हात उघडून खाली येते, सगळ्यांची एकाच क्षणी. समोरून नुसता आवाज येतो, बाजूने तो आवाज कसा तयार होतो ते कळतं.

मुलं असतील तर मॉन्युमेंटच्या मैदानावरच्या पतंग महोत्सवाचा शनिवार गाठा, हा फुकट आहे आणि १९६७ पासून चालू आहे, आधी स्मिथसोनियन करायचं. तिथे रोक्काकु नावाचे सहा कोनांचे मोठे जपानी पतंग बघायला मिळतात. आपला पतंग घेऊन जा, पण साधा दोरा, काचेचा मांजा नको.

२०२१ पासून ‘आर्ट इन ब्लूम’ पण सुरू झालंय, शहरात ठिकठिकाणी माणसाएवढी चेरीच्या फुलांची शिल्पं ठेवतात आणि प्रत्येक शिल्प वेगळ्या स्थानिक कलाकाराने रंगवलेलं असतं. मॅप साइटवर मिळतो, मुलांना तो हातात द्या आणि त्यांनाच शोधू द्या.

पेन्सिल्व्हेनिया अ‍ॅव्हेन्यूवरच्या साकुरा मात्सुरी या जपानी जत्रेला तिकीट लागतं, त्यामुळे घ्यावं का असा प्रश्न येतो. तुम्हाला जपानी खाणं, मार्शल आर्ट्स, हस्तकला यात रस असेल आणि अख्खा दिवस असेल तर जरूर घ्या. आई-बाबा सोबत असतील तर मी तो दिवस फ्रीर गॅलरी या आशियाई कलेच्या म्युझियमला देईन. ती स्मिथसोनियन स्टेशनच्या अगदी शेजारी आहे, प्रवेश फुकट, आत ऊब आणि बाकं, आणि होकुसाइ या जपानी चित्रकाराने स्वतःच्या हाताने काढलेल्या चित्रांचा फार मोठा संग्रह त्यांच्याकडे आहे. ज्याचा हा संग्रह त्या फ्रीरने मृत्युपत्रात घातलेल्या अटीमुळे त्यातली चित्रं वर्षानुवर्षं कुठल्याही दुसऱ्या म्युझियमला उसनी जात नव्हती, म्हणजे ती बघायची तर इथेच यावं लागायचं. सगळी एकदम लावलेली नसतात, त्या वेळी काय मांडलंय ते आधी बघून जा.

शेवटी ज्यांची तारीख चुकते त्यांच्यासाठी. लवकर आलात तर झुकलेल्या फांद्यांची वीपिंग चेरी शोधा, ती योशिनोच्या साधारण आठवडाभर आधी फुलते. उशीर झाला, तळ्यावर सगळीकडे हिरवी पालवी फुटलीय, तरी वाईट वाटून घेऊ नका, योशिनोनंतर दोनेक आठवड्यांनी क्वान्झान जातीच्या चेरी फुलतात, गडद गुलाबी, पाकळ्यांवर पाकळ्या असलेलं भरगच्च फूल. ती जास्त करून ईस्ट पोटोमॅक पार्कमध्ये आहेत, जेफरसन मेमोरियलच्या पलीकडे हेन्स पॉइंटकडे जाणाऱ्या रस्त्याला. तिथे मेट्रो नाही, पण तोवर गर्दी ओसरलेली असते, म्हणून त्या दिवशी गाडी काढायला हरकत नाही, आणि ज्यांना चालणं जमतच नाही त्यांना गाडीतून, काच खाली करून, सावकाश एक चक्कर मारून आणता येते.