जावा ८ वरून २१ वर जाताना या चुका टाळा

जावा या प्रोग्रॅमिंग भाषेची ८ वी आवृत्ती मार्च २०१४ मध्ये आली आणि अनेक टीम वर्षानुवर्षं तिथेच थांबल्या. आता त्या थेट २१ वर येतात, तेव्हा मधल्या साडेनऊ वर्षांतलं सगळं एकदम हातात पडतं: रेकॉर्ड (फक्त डेटा धरणारा छोटा क्लास), सील्ड इंटरफेस (ज्याचे प्रकार आधीच ठरवून दिलेले असतात), पॅटर्न मॅचिंग (ऑब्जेक्टचा प्रकार पाहून त्यानुसार वागणं), व्हर्च्युअल थ्रेड (हजारोंनी बनवता येणारे हलके थ्रेड). कोड आटोपशीर होतो, यात शंका नाही. पण प्रत्येक फीचरची हमी ठराविक हद्दीपर्यंतच असते. ती हद्द न तपासता आपण निर्धास्त होतो आणि बग तिथेच शिरतात.

मॅपमध्ये नोंद दिसते, पण सापडत नाही

सर्वांत जास्त गैरसमज रेकॉर्डबद्दल आहेत. जावा १६ मध्ये ते कायम झालं, आणि तेव्हापासून ‘रेकॉर्ड इम्युटेबल, म्हणजे न बदलणारं, असतं’ असं सरसकट सांगितलं जातं. खरं तर फक्त त्याची फील्ड्स फायनल असतात. फील्डमध्ये लिस्ट असेल, तर त्या लिस्टमध्ये भर घालायला कुणीही अडवत नाही.

समजा, ‘ऑर्डर’ या रेकॉर्डमध्ये ग्राहक क्रमांक आणि वस्तूंची लिस्ट आहे, आणि ते रेकॉर्ड तुम्ही हॅशमॅपची की म्हणून वापरलंत. ज्या कोडने ती अ‍ॅरेलिस्ट बनवली, त्यानेच पुढे तिच्यात एक वस्तू वाढवली. रेकॉर्डचा हॅशकोड (मॅप ज्या आकड्यावरून नोंद शोधतो तो) लिस्टच्या हॅशकोडवरून निघतो, म्हणून तोही बदलला. आता तेच रेकॉर्ड देऊन मॅपमधून नोंद मागितली की नल मिळतं. मॅप प्रिंट करून पाहावा तर नोंद जागेवर आहे. एक्सेप्शन नाही, लॉगमध्ये काही नाही, आणि आपण भलतीकडेच शोधत राहतो.

यावर उपाय सोपा आहे. रेकॉर्डच्या कॉम्पॅक्ट कन्स्ट्रक्टरमध्येच (पॅरामीटर पुन्हा न लिहिता दिलेल्या कन्स्ट्रक्टरमध्ये) ‘लिस्ट.कॉपीऑफ’ वापरून आलेल्या लिस्टची न बदलणारी प्रत ठेवा. लिस्टमध्ये एखादा नल असेल तर ही मेथड तिथल्या तिथे एक्सेप्शन फेकते. मला हे हिताचंच वाटतं, कारण चूक उगमापाशीच कळते. मात्र ही प्रत वरवरची असते. आतले ऑब्जेक्ट बदलणारे असतील तर प्रश्न तसाच राहतो. फील्डमध्ये अ‍ॅरे असेल तर आणखी एक अडचण: तोच मजकूर असलेले दोन वेगळे अ‍ॅरे रेकॉर्डच्या लेखी असमान ठरतात. तिथे लिस्ट घ्या, नाहीतर इक्वल्स आणि हॅशकोड स्वतः लिहा.

रेकॉर्डबद्दल आणखी एक गोष्ट, आणि ही जास्त गंभीर आहे. आपोआप मिळणारं टूस्ट्रिंग (ऑब्जेक्टचा मजकूर बनवणारी मेथड) सगळी फील्ड्स छापतं. लॉगिनची माहिती रेकॉर्डमध्ये ठेवली आणि कुणी ती लॉग केली, तर पासवर्ड उघडाच लॉगमध्ये जातो. अशा रेकॉर्डचं टूस्ट्रिंग पहिल्याच दिवशी ओव्हरराइड करा.

नवा प्रकार जोडला, तरी कंपाइलर गप्प

१९९४ साली गॅमा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसिडिस या चौघांनी २३ डिझाइन पॅटर्न (कोडमधल्या नेहमीच्या प्रश्नांची ठरलेली उत्तरं) मांडले, तेव्हा त्यांची उदाहरणं सी++ आणि स्मॉलटॉकमधली होती. पुढे १९९६ मध्ये पीटर नॉर्विग यांनी दाखवलं, की त्यांतले १६ पॅटर्न डायनॅमिक भाषांमध्ये एकतर सोपे होतात किंवा दिसेनासेच होतात. व्हिजिटर (प्रकारांचे क्लास न बदलता त्यांच्यासाठी नवं ऑपरेशन जोडणारा) हा त्यांतलाच, आणि जावा २१ मध्ये सील्ड इंटरफेस आणि स्विच मिळून त्याचं बहुतेक काम करतात.

चूक होते ती सवयीने लिहिलेल्या ‘डीफॉल्ट’मुळे. पेमेंटचे कार्ड, यूपीआय आणि रोख असे तीन प्रकार आहेत. चौथा आला की ज्या ज्या स्विचमध्ये तो हाताळलेला नाही तिथे कंपाइलरने अडवावं, यासाठीच तर सील्ड वापरायचं. ‘डीफॉल्ट’ असलं की नवा प्रकार मुकाट त्यात जातो. म्हणून सील्ड प्रकारांवरच्या स्विचमध्ये डीफॉल्ट लिहू नका, आणि रिव्ह्यूमध्ये दिसलं तर कारण विचारा. ईनमवरचा (ठरावीक नावांच्या यादीवरचा) जुन्या धाटणीचा स्विच नुसतं स्टेटमेंट असेल, तर सगळ्या केस आल्या का हे कंपाइलर तपासतच नाही. त्यातून व्हॅल्यू परत घेतली, म्हणजे तो एक्स्प्रेशन झाला, की तपासतो.

पण सगळीकडे स्विच लिहायची घाई नको. ऑपरेशन वाढत असतील आणि प्रकार ठरलेले असतील, तर सील्ड आणि स्विच योग्य. प्रकारच वारंवार वाढत असतील, तर साध्या इंटरफेसमधली मेथड आजही सरस आहे.

एकाची माहिती दुसऱ्याला दिसते

स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कमधलं बीन (स्प्रिंगने बनवून सांभाळलेलं ऑब्जेक्ट) मुळात सिंगलटन असतं, म्हणजे सगळ्या रिक्वेस्ट एकाच ऑब्जेक्टमधून जातात. सर्व्हिस क्लासमध्ये ‘चालू ग्राहक’ असं फील्ड ठेवलं, तर दोन रिक्वेस्ट एकाच वेळी आल्यावर ग्राहकांची अदलाबदल होते. टेस्ट एका वेळी एकच कॉल करते, म्हणून ती पास होते. अशी माहिती मेथडच्या पॅरामीटरमधूनच न्या.

ऑप्शनलबद्दल (व्हॅल्यू असेल किंवा नसेल असं सांगणारा प्रकार) थोडक्यात: व्हॅल्यू असली तरी ‘ऑरएल्स’मधली मेथड चालतेच. तिथे डेटाबेसचा कॉल असेल तर ‘ऑरएल्सगेट’ वापरा.

व्हर्च्युअल थ्रेड सुरू केले आणि टाइमआउट वाढले

टॉमकॅट या वेब सर्व्हरच्या पूलमध्ये (तयार ठेवलेल्या थ्रेडच्या साठ्यात) डीफॉल्ट कमाल २०० थ्रेड असतात. डेटाबेसपुढची रांग त्यामुळे नकळत मर्यादित राहायची. व्हर्च्युअल थ्रेड आले की ती वेस निघून जाते, आणि हजारो रिक्वेस्ट हिकारी या डेटाबेस कनेक्शन पूलच्या डीफॉल्ट १० कनेक्शनसाठी थांबतात. कनेक्शन ३० सेकंदांत मिळालं नाही की एक्सेप्शन येतं. व्हर्च्युअल थ्रेडचा पूल बनवणं हा यावरचा उपाय नाही. ते पूलसाठी नाहीतच. जो स्रोत मर्यादित आहे, त्याच्या कॉलभोवती सेमाफोर (एका वेळी ठरावीक जणांनाच आत सोडणारा अडसर) लावा.

जावा २१ मध्ये आणखी एक खोडा आहे. सिंक्रोनाइज्ड ब्लॉकच्या (एका वेळी एकाच थ्रेडला चालवता येणाऱ्या कोडच्या) आत नेटवर्कची वाट पाहणारा व्हर्च्युअल थ्रेड खालच्या खऱ्या थ्रेडलाही अडकवून ठेवतो. मार्च २०२५ च्या जावा २४ मध्ये हे दुरुस्त झालं. २१ वर आहात तोवर अशा जागी रीएंट्रंटलॉक हा जावाचाच कुलूप-क्लास वापरा. जागा शोधायला जावा फ्लाइट रेकॉर्डर (चालू प्रोग्रॅमच्या नोंदी घेणारं साधन) चालवा: त्यातला ‘व्हर्च्युअल थ्रेड पिन्ड’ हा इव्हेंट डीफॉल्टने सुरू असतो, आणि २० मिलिसेकंदांहून जास्त अडकलेला प्रत्येक थ्रेड स्टॅक ट्रेससकट दाखवतो.