पावसाळ्यात सातेरीची पेटी कशी वाचवली

थंड देशांत मधमाश्यांना हिवाळा जड जातो. पुण्यात खरी परीक्षा जुलै-ऑगस्टची. झड लागली की माश्या बाहेर पडत नाहीत आणि फुलोराही नसतो.

सिंहगड रोडला गच्चीवर माझी सातेरीची, म्हणजे आपल्या देशी मधमाश्यांची, एक पेटी आहे. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये झाकण उघडलं तर आंबूस वास आला. कडेच्या पोळ्यांवर पांढरी जाळी, आत वळवळणाऱ्या अळ्या, तळफळीवर काळी बारीक लीद. मेणकिडा, म्हणजे पोळी पोखरणारी पतंगाची अळी! सात चौकटींपैकी जेमतेम तीनवर माश्या होत्या. पोटात गोळाच आला, कारण सातेरीला असा त्रास झाला की सगळी वसाहत पेटी सोडून निघून जाते.

राणी आणि अंडी दिसली, तेव्हा जिवात जीव आला. माश्या नसलेली चारही पोळी काढून टाकली. माझ्या मते हाच खरा उपाय: माश्या जेवढ्या झाकू शकतात तेवढीच पोळी आत ठेवायची. उरलेली जागा लाकडी फळीने बंद केली, दार दोन माश्यांपुरतं ठेवलं. तळफळी खरवडून दर आठवड्याला साफ केली.

साखर-पाणी समसमान घेऊन पाक दिला, तोही अंधार पडल्यावरच. दिवसा दिला तर दुसऱ्या वसाहतीच्या माश्या लुटायला येतात. मुंग्यांसाठी पायांखाली पाण्याच्या वाट्या.

त्या वर्षी मध काढला नाही. दसऱ्याला पाचव्या चौकटीवर नवं, पांढरंशुभ्र पोळं बांधायला घेतलं होतं त्यांनी.