आषाढाआधी गोठ्याची मागची बाजू बघून घ्या

रोहिणी नक्षत्र लागलं की पेरणीची धांदल सुरू होते, आणि त्याच दिवसांत शेळ्या-बोकडांच्या चोऱ्यांच्या बातम्याही कानावर यायला लागतात. बकरी ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते; सध्या ती उन्हाळ्याच्या अखेरीला पडते आहे. तिच्या मागोमाग आखाड लागतो, गावोगावची देवाची बोकडं कापली जातात, आणि श्रावण लागायच्या आदल्या दिवशी, आषाढी अमावास्येला, मटणाच्या दुकानांपुढे रांगा लागतात. म्हणजे मे महिन्यापासून श्रावणापर्यंत बोकडाला भाव असतो. भाव असला की चोराला गिऱ्हाईक शोधत फिरावं लागत नाही.

त्यात पाऊस. पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की पलीकडच्या खोलीतल्या माणसाला शेळीचं ओरडणं ऐकू येत नाही. उन्हाळाभर अंगणात झोपणारी माणसं आत जातात, लाईट जाते ती सकाळपर्यंत येत नाही, आणि दिवसभर पेरणी-लावणी करून आलेल्याला पडल्या पडल्या झोप लागते. चोरी होते ती बहुतेक मध्यरात्र उलटल्यावर, पहाटेच्या आत.

नुकसान सगळ्यात जास्त होतं ते चार-पाच शेळ्यांच्या मालकाचं. त्या शेळ्या घरातल्या बाईनं वाढवलेल्या असतात आणि पोरांची फी, दवाखाना, बी-बियाणं त्यांच्यावर भागत असतं. उस्मानाबादी शेळी बऱ्याचदा जुळी देते. गाभण शेळी गेली तर पोटातली करडं गेली, दूध गेलं, पुढच्या वर्षाचा हिशेब गेला. पंचनाम्यात मात्र एकच नग लागतो. म्हणून हा सल्ला आधी लहान शेळीपालकांसाठी आहे. मोठ्या फार्मवाल्यांकडे कॅमेरे आणि राखणदार असतात.

माझं म्हणणं थोडक्यात असं: चोराला वेळ लागला पाहिजे, आणि जनावर आपलं आहे हे आपल्याला दाखवून देता आलं पाहिजे. पहिलं काम लोक थोडंफार करतात. दुसरं जवळजवळ कुणीच करत नाही, आणि त्यामुळेच पोलिसांनी पकडलेल्या गाडीतल्या शेळ्यासुद्धा मालकापर्यंत पोहोचत नाहीत.

गोठा

दाराला कुलूप सगळे लावतात. चोर दाराकडे फिरकतच नाही. तो मागच्या बाजूनं येतो, जिथं कुडाची भिंत असते, बांधायच्या तारेनं आवळलेली जाळी असते, नाहीतर खिळ्यांवर ठोकलेला पत्रा असतो. कोंबड्यांची पातळ जाळी पक्कडीनं दोन मिनिटांत कापली जाते. तेव्हा पाऊस जोर धरायच्या आत एकदा गोठ्याच्या मागं जाऊन उभे राहा आणि आत शिरायला किती वेळ लागेल ते स्वतः बघा. पत्र्याचे खिळे बाहेरून उपसता येत असतील तर तिथं आरपार नटबोल्ट घाला आणि नट आतल्या बाजूला घ्या. जाळी घ्यायची तर वेल्डमेश, म्हणजे वेल्ड केलेली जाड तारेची जाळी घ्या आणि चौकटीला आतून पट्टी मारा. खालची फूटभर जाळी जमिनीत गाडली तर कोल्हा-कुत्र्यांपासूनही राखण होते. हे काम एका दिवसाचं आहे, गावातल्या वेल्डरकडून होतं.

दिवा पुढं एक असतो, मागं अंधार. हालचालीवर लागणारा सोलरचा दिवा मागच्या कोपऱ्यावर लावा. लाईट गेली तरी तो चालतो. कुत्रंही मागं बांधा. अनोळखी माणसानं टाकलेला तुकडा खाणारं कुत्रं कामाचं नाही, त्याला घरच्याच हातून खायची सवय लावा. कुत्रं अचानक मरून पडलं किंवा दिवसभर झिंगल्यासारखं वागलं, तर पुढच्या दोन-तीन रात्री घरातल्या कुणीतरी गोठ्याजवळच झोपा.

शेळ्यांच्या गळ्यातली घंटा-घुंगरं रात्री काढून ठेवायची पद्धत काही घरांत आहे. या दिवसांत काढू नका. सगळ्यांना नको, बोकडाला आणि कळपात पुढं चालणाऱ्या शेळीला पुरे.

म्हैस-बैलाचं गणित वेगळं. शेळी उचलून नेता येते, म्हशीला गाडीपर्यंत चालवत न्यावं लागतं. म्हणून पिकअप गोठ्यापासून जितकी लांब उभी करावी लागेल तितकं आपलं बरं. वस्तीवर येणारी वाट आपल्या एकट्याची असेल तर रात्री तिच्यावर बैलगाडी आडवी लावा, नाहीतर जाड ओंडका टाका. वाट सामाईक असेल तर शेजाऱ्याला विचारल्याशिवाय हे करू नका, रात्री कुणाला दवाखान्यात न्यायची वेळ येऊ शकते. दाव्याऐवजी साखळी आणि कुलूप लावणार असाल तर किल्ली घरात ठरलेल्या एकाच खिळ्याला टांगा आणि घरातल्या प्रत्येकाला ती माहीत असू द्या. गोठ्याला आग लागली तर दावं विळ्यानं कापता येतं, साखळी कापता येत नाही.

एक गोष्ट कळवळून सांगतो: गोठ्याच्या जाळीत किंवा तारेत थेट वीज सोडू नका. पावसाळ्यात ओल्या जमिनीवर पहिला बळी घरातल्या पोराचा जातो, नाहीतर पहाटे परसाकडे निघालेल्या शेजाऱ्याचा. तो गुन्हाही आहे.

दिवसाच्या चोऱ्याही होतात. डांबरी रस्त्याच्या कडेला शेळ्या चरत असतात, गाडी थांबते, दोघं उतरतात, दोन शेळ्या आत आणि गाडी गेलेली. राखायला म्हातारी आजी किंवा शाळेतलं पोर. रस्त्याकडेचं चराऊ रान या महिन्यांत टाळा, आणि राखणाऱ्याजवळ फोन असू द्या. गाडीच्या मागं पळण्यापेक्षा नंबर लक्षात ठेवायला शिकवा.

मेंढपाळांसाठी वेगळं सांगायला हवं. दिवाळीनंतर कोकणात उतरलेले वाडे, म्हणजे मेंढपाळांचे तांडे, मृगाच्या तोंडावर देशावर परत येतात, रोज नवं रान, नवं गाव. मेंढरं वाघुरीत म्हणजे जाळ्याच्या कुंपणात, माणसं पालात, बायका-पोरं बरोबर. वाघूर कापून मेंढरं नेताना आडवं येणाऱ्याला मारहाणही होते. मुक्कामाच्या गावात पोहोचल्याबरोबर पोलीस पाटलाला भेटा, त्याचा नंबर घ्या, आणि शक्यतो वस्तीला लागून असलेलं रान धरा. ज्या शेतकऱ्यानं रानात मेंढ्या बसवल्या त्यानंही रात्री एक चक्कर मारावी. लेंडीखत आपल्या रानाला मिळतंय, तेवढी राखण आपल्याकडे लागते.

कानातला बिल्ला आणि फोनमधले फोटो

महाराष्ट्रात 1 जून 2024 पासून कानात बिल्ला नसलेल्या जनावराच्या खरेदी-विक्रीला बंदी आहे. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, सगळ्यांना हा नियम लागू आहे. पिवळ्या बिल्ल्यावर 12 अंकी क्रमांक असतो आणि त्याची नोंद सरकारच्या ‘भारत पशुधन’ या ऑनलाइन प्रणालीवर होते. बरेच जण इथंच चुकतात: बाजारातून आणलेल्या शेळीचा बिल्ला अजून जुन्या मालकाच्याच नावावर असतो. चोरी झाल्यावर तो क्रमांक टाकला की नाव दुसऱ्याचं निघतं. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन नोंद आपल्या नावावर करून घ्या, आणि बिल्ला पडला असेल तर नवा मारून घ्या.

पण बिल्ला कापता येतो. म्हणून त्याच्या जोडीला दुसरी खूण हवी. उस्मानाबादी शेळ्या बहुतेक काळ्याच असतात, आणि पोलीस ठाण्याच्या आवारात पन्नास काळ्या शेळ्या उभ्या केल्या की ‘ही माझी’ एवढं म्हणून भागत नाही. प्रत्येक शेळीला जवळून बघा. एकीच्या कानावर पांढरे ठिपके असतात, एकीचं डावं शिंग टोकाला आत वळलेलं, एकीच्या गळ्याला दोन लोंबते लोलक तर दुसरीला एकच, कुणाच्या सडाला जादा बोंड, कुणाच्या खुराला जुनी चीर. हे वहीत लिहा. फोटो काढा: समोरून तोंड, दोन्ही कुशी, दोन्ही कान बिल्ल्याचा क्रमांक वाचता येईल असे, आणि कास. ते घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर पाठवून ठेवा, म्हणजे तारीखही राहते आणि फोन हरवला तरी फोटो राहतात. करडं झपाट्यानं बदलतात, त्यांचे फोटो दर दोन महिन्यांनी नव्यानं काढा. कानाच्या आत गोंदण करून घेता आलं तर उत्तम. काळ्या कानात हिरवी शाई उठून दिसते.

खरेदीची बाजार समितीची पावती फेकू नका. घरचीच पैदास असेल तर लसीकरणाची नोंद पावतीचं काम करते.

विम्याबद्दलही बोलायला हवं, कारण यावर लोक गाफील राहतात. जनावरांचा नेहमीचा विमा हा मृत्यूचा असतो. चोरी त्यात सहसा वगळलेली असते. पॉलिसी काढताना एजंटला हा एक प्रश्न विचारा आणि उत्तर कागदावर दाखवायला सांगा.

चोरी झालीच तर

पहाटे गोठा रिकामा दिसला की सगळं गाव तिथं गोळा होतं आणि चिखलातले ठसे तुडवले जातात. आधी ते वाचवा. पावसाळ्यातला चिखल टायरची आणि चपलेची नक्षी छान धरून ठेवतो. त्यावर घमेलं पालथं घाला, फोटो काढा, लोकांना लांब ठेवा. 112 ला फोन करा. गावात ग्राम सुरक्षा यंत्रणा सुरू असेल तर त्यावर निरोप द्या, एका फोनवर तो आसपासच्या गावांत जातो.

मग बाजाराचा वार बघा. चोरीचा माल फार दिवस सांभाळला जात नाही. पुणे-नगर-सोलापूरकडे बेल्ह्याचा बाजार सोमवारी, लोणीचा बुधवारी, घोडेगावचा शुक्रवारी, काष्टी आणि चाकणचा शनिवारी, सांगोल्याचा रविवारी. रविवारी रात्री जुन्नर-पारनेरच्या पट्ट्यात चोरी झाली तर सोमवारी उजाडायला बेल्ह्यात माणूस हवा, फोटो हातात घेऊन. एकटे जाऊ नका आणि शेळी दिसली म्हणून भांडण काढू नका. बाजार समितीच्या माणसाला आणि पोलिसांना बोलवा.

ठाण्यात नुसता तक्रार अर्ज देऊन परतू नका, गुन्हा दाखल करा आणि एफआयआरची प्रत घ्या. ती फुकट मिळते. भारतीय न्याय संहितेत साध्या चोरीला कलम 303 लागतं. माल ठेवण्याच्या इमारतीतून चोरी झाली तर कलम 305 आहे आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. गोठा चार भिंतींचा आणि बंद असेल तर हे आवर्जून सांगा. किंमत खरी सांगा. संकोचानं ‘असेल तीन-चार हजारांची’ म्हणू नका. साध्या चोरीत माल पाच हजारांच्या आतला असेल तर गुन्हा अदखलपात्र, म्हणजे न्यायालयाच्या हुकुमाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत असा, धरला जाऊ शकतो. हद्दीचा वाद निघाला तरी कोणत्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो. नोंदवून घेतलाच नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी टपालानं पाठवा. पेट्रोल पंप, टोलनाका, साखर कारखान्याचं गेट, ग्रामपंचायत, इथल्या कॅमेऱ्यांचं चित्रण काही दिवसांत पुसलं जातं, म्हणून कोणकोणते कॅमेरे वाटेत आहेत ते त्याच दिवशी तपास करणाऱ्याला लिहून द्या.

संशयितावर हात टाकू नका. 2018 मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात आणि 2020 मध्ये पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचल्यात नुसत्या अफवेवरून माणसं मारली गेली, त्यांचा कशाशीही संबंध नव्हता. पालावर राहणाऱ्यांकडे पहिलं बोट दाखवायची जुनी खोडही सोडायला हवी; शेळ्या चोरायला गाडी लागते, गिऱ्हाईक लागतं, आणि गोठ्याची माहिती देणारं जवळचं कुणीतरी लागतं. स्वस्तात, बिल्ला कापलेल्या कानाची शेळी दारात विकायला आली तर घेऊ नका. चोरीचा माल जाणून घेणाऱ्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

मागं राहिलेल्या करडांकडे त्याच सकाळी बघा. आई गेलेल्या करडाला दुसऱ्या ताज्या व्यालेल्या शेळीला लावा, नसेल तर गाईचं दूध कोमट करून बाटलीनं द्या: वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतकं दिवसभरात, तीन-चार वेळा विभागून. नुकतं जन्मलेलं असेल तर आधी चीक मिळालाच पाहिजे, शेजारच्या शेळीचा चालतो.

शेळी सापडली तर ती परत मिळवायला न्यायालयात अर्ज करावा लागतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 497 किंवा 503 खाली ती सुपूर्दनाम्यावर, म्हणजे खटला संपेपर्यंत सांभाळायच्या लेखी हमीवर मिळते. अर्जाला फोटो, बिल्ल्याची नोंद आणि पावती जोडा. घरी आणल्यावर लगेच कळपात सोडू नका. कुठल्या बाजारातून, कुठल्या गाडीतून ती आली हे आपल्याला ठाऊक नसतं, आणि पीपीआर हा शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा रोग एका शेळीबरोबर सगळ्या गोठ्यात शिरतो. तीन आठवडे वेगळी बांधा, पाण्याचं भांडं वेगळं ठेवा, आणि नाक गळणं, ताप, हगवण दिसली तर 1962 या पशुवैद्यकीय मदतीच्या क्रमांकावर फोन करून डॉक्टरांना बोलवा.