डांबर आणि खडी, दोन्हींवर चालणाऱ्या ट्रकसाठी टायर घेताना

दुकानात नक्षी बघायला जाण्याआधी गाडीचं लॉगबुक उघडा आणि महिन्याचे एकूण किलोमीटर दोन भागांत वाटा: डांबरावरचे आणि खडी-मातीवरचे. हे तोंडी अंदाजाने करू नका. चालकाला विचारलं तर तो साइटच सांगेल, कारण तिथे दिवस जातो आणि अंग दुखतं ते तिथेच. पण खाणीतली फेरी दोन-चार किलोमीटरची असते आणि माल पोचवायचा रस्ता साठ-सत्तरचा. डांबरावरचा वाटा ८० टक्क्यांच्या पुढे निघाला तर तुमची गाडी हायवेचीच आहे, मधूनमधून कच्च्यात उतरते एवढंच. निम्म्याच्या आसपास असेल तर मिक्स सर्व्हिसचे, म्हणजे डांबर आणि कच्चा दोन्हींसाठी बनवलेले टायर बघायला लागा. कच्चाच जास्त असेल, तर हायवेवर आवाज, डिझेल आणि वेग या तिन्हींचा तोटा गृहीत धरूनच पुढे चला. त्याच कागदावर आणखी एक नोंद करा: भरल्या गाडीने न थांबता होणारा सगळ्यात लांबचा टप्पा किती आणि तो कुठल्या वेगाने. माझ्या मते टायरची निवड निम्मी इथेच ठरते, आणि नेमकं हेच कुणी विचारत नाही.

कारण असं, की कच्च्यात टायर कापला जातो आणि हायवेवर तो तापून जातो. या दोन संकटांवरचे उपाय एकमेकांच्या विरुद्ध आहेत. दगडापासून वाचायला जाड रबर, खोल नक्षी आणि चिवट मिश्रण लागतं. पण जाड रबर प्रत्येक फेऱ्यात दबतं, सुटतं, त्यातून उष्णता तयार होते आणि जाडीमुळे ती बाहेर पडायलाही वेळ लागतो. वेग वाढला, वजन वाढलं किंवा हवा कमी पडली की हे चक्र आणखी बिघडतं आणि शेवटी नक्षीचा पट्टा आतल्या तारांपासून सुटतो. निव्वळ साइटसाठी बनवलेल्या टायरवर वेगाचं अक्षर खालचं असतं ते याचमुळे. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर ते शोधा: जी म्हणजे ताशी ९० किलोमीटर, जे म्हणजे १००, के ११०, एल १२०, एम १३०. दणकट दिसणारा टायर जीचा असेल आणि तुमची गाडी रात्रीच्या मोकळ्या रस्त्यावर त्याहून जोरात पळत असेल, तर तो टायर तुमच्यासाठी नाही, मग दुकानदार नक्षीवर कितीही हात फिरवून दाखवो.

वजनाचं काम काट्यावर करा. भरलेली गाडी एकदम नाही, एकेक ॲक्सल चढवून वजन घ्या. टायरवरचा भार-निर्देशांक, म्हणजे टायर किती वजन पेलतो ते सांगणारा अंक, त्या आकड्याशी ताडून पाहायचा असतो. उदाहरणार्थ २९५/८० आर २२.५ या मापाच्या टायरवर १५२/१४८ एम लिहिलेलं असेल, तर एकट्या चाकाला ३५५० किलो आणि जोडचाकात, म्हणजे एका बाजूला दोन टायर शेजारी-शेजारी असतात तिथे, प्रत्येकी ३१५० किलो अशी त्याची क्षमता. म्हणजे पुढच्या दोन टायरवर मिळून ७१०० किलो, आणि मागे एका ॲक्सलवर चार टायर असतील तर १२,६०० किलो. हा आकडा टायरचा. ॲक्सल आणि चासीची मर्यादा वेगळी आणि बहुधा त्याआधीच येते. काट्यावरचं वजन टायरच्या क्षमतेला टेकत असेल तर वरचा निर्देशांक घ्या, कारण साइटवरची जमीन कलती असते आणि एका बाजूच्या चाकांवर काट्यावर दिसला त्यापेक्षा बराच जास्त भार येतो.

आता नक्षी. सगळ्या चाकांना एकच टायर घेऊन मोकळं होण्याचा मोह सोडा. पुढच्या चाकांचं काम वळणं, ओल्या रस्त्यावर पकड ठेवणं आणि सरळ धावणं. तिथे रिब, म्हणजे उभ्या सलग पट्ट्यांची नक्षी. गाडी कच्च्यात जाते म्हणून मिक्स सर्व्हिसची रिब, जिच्या खाचा थोड्या रुंद आणि खांदे भरीव असतात. पुढे लग, म्हणजे जाड आडव्या दात्यांच्या नक्षीचा टायर बसवलेला ट्रक रुबाबदार दिसतो खरा, पण डांबरावर तो गुरगुरतो, एकेक लग एका कडेने जास्त झिजून करवतीसारखा होतो आणि मग स्टेअरिंग थरथरायला लागतं. ओढणाऱ्या मागच्या चाकांना मात्र लग किंवा ठोकळ्यांची नक्षी हवीच, चिखलातून आणि सुट्या मुरुमातून गाडी तीच काढते. त्यातही डांबर जास्त असेल तर मधल्या ठोकळ्यांना जोडणारे पूल असलेली नक्षी घ्या, म्हणजे ठोकळे हलत नाहीत आणि झीज सारखी होते. लिफ्ट ॲक्सल (गाडी रिकामी असताना वर उचलता येणारा) किंवा ट्रेलरचं चाक ओढत नाही, वळताना ते आडवं घासतं. तिथे खोल लग म्हणजे पैसे रस्त्यावर सांडणं. रिब पुरे.

खाचांच्या तळाशी बोट घालून पाहा. चांगल्या मिक्स सर्व्हिस टायरमध्ये तिथे रबराचे छोटे उंचवटे असतात, अडकलेला खडा बाहेर ढकलायला. ते नसतील तर खडा खाचेत रुततो, प्रत्येक फेऱ्यात थोडा खोल जातो आणि शेवटी पोलादी तारांपर्यंत भोक पाडतो. त्या भोकातून पाणी शिरलं की तारा गंजतात. वरून टायर ठीक दिसत राहतो आणि रीट्रेडला, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवी नक्षी चढवायला पाठवलात की केसिंग, म्हणजे नक्षीखालचा टायरचा सांगाडा, नाकारलं जातं. नवीन टायर घेताना तुम्ही नक्षीबरोबर हे केसिंगही विकत घेत असता आणि रीट्रेड करायचा विचार असेल तर जास्त पैसा त्यातच अडकलेला असतो. म्हणून दुकानदाराला सरळ विचारा की हे केसिंग किती वेळा रीट्रेड होतं आणि त्याची हमी कोण देतं. रीट्रेड टायर मागे खुशाल चालवा. पुढे नको.

गाडीला २० इंची ट्यूबवाल्या डिस्क (टायर ज्यावर बसतो ते लोखंडी चाक) असतील आणि ट्यूबलेसकडे जायचं मनात असेल, तर हीच वेळ. १०.०० आर २० च्या जागी साधारण त्याच उंचीचा ११ आर २२.५ बसतो, पण डिस्क बदलावी लागते आणि तो खर्च यादीत आधी लिहा. हायवेवर ट्यूबलेस सरस: ट्यूब आणि फ्लॅपचं (ट्यूब आणि डिस्कच्या मधल्या रबरी पट्ट्याचं) घर्षण नाही, टायर थंड राहतो, खिळा घुसला तरी हवा बहुधा हळूहळू जाते. खडकाळ साइटवर डिस्कची कड वाकली तर मात्र तिथून हवा गळते, आणि तिथे ट्यूबवाला टायर मालक अजून सोडत नाहीत यात तथ्य आहे. लॉक रिंगची डिस्क, म्हणजे जिच्यावर टायर सुट्या लोखंडी कड्याने अडकवलेला असतो ती, मात्र अनोळखी हातात देऊ नका. हवा भरताना उडालेली रिंग जीव घेते.

जोडचाकांसाठी मापपट्टी सोबत ठेवा. आतल्या आणि बाहेरच्या टायरच्या घेरात २ सेंटीमीटरहून जास्त फरक नको, नाहीतर मोठा टायर दोघांचं ओझं वाहतो आणि लहान नुसता घासत फिरतो. म्हणून एक फाटला की एकच नवा आणून जुन्याशेजारी लावणं हे वाचवलेले पैसे नव्हेत. रेडियल (पोलादी तारांचे) आणि नायलॉन (नायलॉन धाग्यांचे) टायर एकाच ॲक्सलवर मिसळू नका. रुंद टायर घेत असाल तर जोडीतली फट कंपनीच्या तक्त्याप्रमाणे उरते का ते पाहा. भाराखाली साइडवॉल फुगतात आणि फट कमी असली की एकमेकांना घासून तापतात. आतल्या चाकाच्या व्हॉल्व्हला बाहेरून हवा तपासता येईल अशी लांब नळी बसवून घ्या. जिथे हात पोचत नाही तिथली हवा कुणी तपासत नाही, हा सर्वत्रचा नियम.

हवा किती, हे कंपनीच्या तक्त्यातून काट्यावरच्या वजनाप्रमाणे काढा आणि टायर थंड असताना मोजा. चालून गरम झालेल्या टायरमध्ये दाब वाढलेला दिसतो, तो वाढणारच; म्हणून हवा सोडू नका. मऊ मातीत हवा कमी केली की पकड वाढते हे खरं, पण भरलेल्या ट्रकला ते तेव्हाच परवडतं जेव्हा डांबराला लागण्याआधी हवा परत भरायची सोय गाडीवरच आहे. नसेल तर हवा हायवेच्या हिशेबाने ठेवा आणि मऊ जागी डिफरन्शियल लॉक (दोन्ही बाजूंची चाकं एकत्र फिरवणारी कळ) वापरून सावकाश निघा. चाक जागच्या जागी फिरवलं तर खडी लगचे तुकडे उडवते. ठरलेल्या दाबाच्या ८० टक्के किंवा त्याहून कमी हवेवर टायर धावला असेल, तर तो रिकामाच धावला असं समजा. त्यात सरळ हवा भरू नका. आधी डिस्कवरून उतरवून आतून तपासायचा आणि मग लोखंडी सुरक्षा-पिंजऱ्यात ठेवून भरायचा, कारण साइडवॉलमधल्या तारा थकून तुटलेल्या असल्या तर तो कपड्याची चेन उघडावी तसा फाटतो.

स्टेपनी पुढच्या चाकाच्या मापाची आणि रिबच घ्या, अडचणीत ती मागे तात्पुरती चालते. उलटं करावं लागलं तर त्रास. बसवण्याच्या दिवशी प्रत्येक टायरवरच्या उत्पादन-कोडचे शेवटचे चार अंक वाचा, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे: ३५२३ म्हणजे २०२३ सालचा पस्तिसावा आठवडा. दुकानात पडून राहिलेला माल नवीन भावाने घेऊ नका. नट टॉर्क रेंचने आवळा, आणि पहिल्या ८० ते १६० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा. पुढची दोन्ही चाकं नवी झाली की अलाइनमेंट त्याच दिवशी.

आणि चालकाला एक काम कायमचं नेमून द्या: साइटच्या फाटकातून डांबराला लागण्याआधी गाडी दोन मिनिटं थांबवून खाली उतरायचं, जोडचाकांच्या मधे दगड अडकलाय का ते वाकून बघायचं, असला तर लोखंडी पहारीने काढायचा. तो हायवेवर सुटला तर मागच्या गाडीच्या काचेवर जातो.